एलईडी टाकायची की आहे तीच हॅलोजन नीट करायची?

कापसाचे पैसे हातात आले की आमच्याकडे गाडीचं एखादं काम निघतंच, आणि हिवाळ्यात लग्नाहून रात्री परतणं वाढतं म्हणून बहुतेकांचं पहिलं काम लाईटचं असतं. "लाईट कमी पडतोय भो, एलईडी टाकून घेऊ का?" हे मला या सीझनला चार-पाच जणांनी विचारलंय. माझ्या चुलतभावानं तर विचारायच्या आधीच टाकून घेतली होती. त्याची आणि माझी गाडी एकाच मॉडेलची, दोघांनाही मुळात साधा रिफ्लेक्टरवाला (बल्बमागं चकचकीत आरसा असलेला) हेडलाईट आणि एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब, त्यानं तिथं एलईडी टाकलेली, माझी हॅलोजनच. मग म्हटलं बोलत बसण्यापेक्षा शेजारी-शेजारी उभ्या करूनच बघू ना, आणि अमळनेरकडच्या आमच्या शेतरस्त्यावर रात्री नऊला दोन्ही गाड्या लावल्या, समोर साधारण पन्नास पावलांवर काठीला एक जुनं बारदान टांगलं.

आधी आत बसून पाहिलं. एलईडीत बसल्यावर खरंच भारी वाटतं, ते मी नाकारत नाही, बोनेटपुढची पंधरा-वीस फूट जमीन दुधासारखी पांढरी दिसते आणि माणसाला वाटतं वा काय उजेड आहे. पण तिथंच फसायला होतं, कारण जवळचं इतकं उजळलं की डोळा त्यालाच सरावतो आणि लांबचं उलट अंधारात जातं. डिपरवर (म्हणजे खाली पडणाऱ्या लाईटवर, लांब जाणारा तो अप्पर) बारदान दोन्ही गाड्यांत दिसलं, पण रस्त्याची डावी कड, जिथून बैलगाडी किंवा पायी माणूस येतो, ती माझ्या हॅलोजनमध्ये लांबपर्यंत दिसत होती आणि त्याच्या एलईडीत मध्येच तुटत होती.

मग समोरून पाहिलं, आणि निर्णय खरा तिथं झाला. काका आमच्यासोबत होते, वय ६८, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना समोरच्या ड्रायव्हरच्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी पांढरा शर्ट घालून एलईडीवाल्या गाडीच्या उजव्या लाईटपासून दोन हातांवर उभा राहिलो. काकांनी कपाळावर आडवा हात धरला आणि म्हणाले, "माले काहीच दिखत नही रे." मी हात हलवला, एक पाऊल पुढं आलो, तरी त्यांना दिसलो नाही, लाईट बंद केल्यावरसुद्धा ते दोन-तीन सेकंद डोळे मिचकावत होते. नंतर तिथंच माझी गाडी डिपरवर लावली तर मी कुठं उभा आहे ते त्यांनी लगेच बोट करून दाखवलं. ६० च्या स्पीडनं दोन सेकंदात गाडी ३३ मीटर जाते, म्हणजे तेवढं अंतर समोरचा माणूस आंधळेपणानं चालवतो, आणि तो येतोय कुणाच्या अंगावर, तर आपल्याच.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे दुकानात कुणी काही सांगितलं तरी फसणार नाही. एच-४ मध्ये दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या बारीक तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची, आणि डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटीशी वाटी असते, ती खालच्या बाजूचा उजेड अडवते म्हणून वर समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. मागचा रिफ्लेक्टर त्या बारीक फिलामेंटची जागा धरून मिलिमीटरच्या हिशोबानं बनवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये फिलामेंटच नसते, पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात, त्या जराशा मागं-पुढं किंवा तिरप्या बसल्या की अख्खा बीम फिसकटतो. बल्ब बसतो पण फोकस बसत नाही. त्यात मागचा पंखा आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) मोठा असल्यामुळे रबरी कव्हर नीट लागत नाही, ते तसंच उघडं ठेवलं की आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि पावसात ओल थेट हेडलाईटच्या आत जाते, चुलतभावाच्या काचेत आतून धूळ दिसायलाही लागली होती.

आता हॅलोजन कमी का पडते ते. बऱ्याचदा बल्बचा काही दोषच नसतो. एक तर हेडलाईटची काच म्हणजे काच नसतेच, पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक असतं, आणि जळगाव-भुसावळचं ४५ अंशांचं ऊन खाऊन ते चार-पाच वर्षांत पिवळं-धुरकट पडतं. दुसरं म्हणजे वायरिंग. माझ्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि बल्बच्या होल्डरवर ११.९, मधले सगळे स्विच आणि बारीक वायरनं खाल्लेले. ऐकायला दोन व्होल्ट किरकोळ वाटतात, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार जास्त वेगानं पडतो, व्होल्टेज १० टक्के घसरलं की उजेड साधारण ३० टक्के जातो, माझा तर जवळजवळ ४० टक्के उजेड वायरमध्येच मरत होता. रिले (जास्त करंट स्वतः जोडणारा छोटा स्विच) लावून बॅटरीवरून थेट जाड वायर घेतली, होल्डर सिरॅमिकचे टाकले, १३.५ मिळायला लागले. रिले-वायरिंग मजुरीसकट १२०० रुपये आणि काच पॉलिश करायला ६००. एवढ्यात गाडीचा लाईट नवा झाला, आणि समोरच्याला काडीचा त्रास नाही.

त्यावर अजून हवं असेल तर चांगल्या कंपनीचे जादा उजेडाचे हॅलोजन मिळतात, वॅट तेवढेच, ६०/५५ (अप्पर ६०, डिपर ५५), फक्त फिलामेंट जास्त नेमकी असते. ते महाग असतात आणि साध्यापेक्षा लवकर उडतात, म्हणून रोज रात्री चालवणाऱ्यानं एक जोडी डिक्कीत ठेवावी. १००/९० वॅटच्या नादी मात्र लागू नका, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा जळतो आणि मग साधा बल्बही नीट चालत नाही. रिफ्लेक्टरमधलं एचआयडी किट (फिलामेंटऐवजी गॅसमधून उजेड देणारा झेनॉन बल्ब) तर एलईडीपेक्षाही वाईट, चालू झाल्यावर पूर्ण उजेडाला काही सेकंद लागतात आणि चकाकी प्रचंड.

कंपनीनंच दिलेली एलईडी ही वेगळी गोष्ट आहे. तिथं लेन्स, रिफ्लेक्टर, चिप सगळं एकमेकांसाठी बनवलेलं असतं. नवीन गाडी घेत असाल आणि रात्रीचं जाणं-येणं जास्त असेल तर सनरूफवर पैसे घालण्यापेक्षा एलईडी प्रोजेक्टरवाला (पुढं भिंगातून उजेड टाकणारा) व्हेरिएंट घ्या असं मी सरळ सांगेन. पण जुन्या गाडीचा हेडलाईट फोडून बाजारातला प्रोजेक्टर बसवायचा असेल तर कारागीर कसा आहे त्यावर सगळं आहे. काही स्वस्त लेन्स उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीच्या असतात, आपल्याकडे बीमचा चढ डावीकडे हवा, यांचा उजवीकडे चढतो, म्हणजे थेट समोरच्याच्या तोंडावर.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुकानदार बिल देतो, ही जबाबदारी घेत नाही.

चाळीसगावहून कन्नड घाटात पावसाळ्यात किंवा थंडीत पहाटे तापीकाठच्या धुक्यात ज्यांचं जाणं असतं त्यांच्यासाठी पांढरी झगझगीत एलईडी आणखी वाईट, धुक्यावर उजेड आपटून परत आपल्याच डोळ्यात येतो, पुढं पांढरी भिंत उभी राहते. तिथं डिपर आणि बंपरमधले खाली लावलेले फॉग लॅम्प, बस. अप्पर नाही, आणि चालत्या गाडीला चारी इंडिकेटर तर अजिबात नाही, कारण मागच्याला तुम्ही थांबलाय की चाललाय आणि कुठं वळणार तेच कळत नाही.

कोणताही बल्ब घेतला तरी फोकस सेट केल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका. सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी लावा, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर माणूस. हेडलाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूनं आखा, तिच्याखाली ५ सेंटिमीटरवर दुसरी रेघ, डिपरची वरची कड त्या खालच्या रेघेवर यायला हवी. स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं चाक असेल तर ते शोभेला नाही, डिक्कीत केळीचे घड आणि मागं तीन माणसं असली की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा ते फिरवून बीम खाली घ्यायचा असतो.

चुलतभावानं त्याच आठवड्यात एलईडी काढली. जुने बल्ब त्यानं पेपरात गुंडाळून ठेवले होते, पण आम्ही लावताना त्यांच्या काचेला बोट लावलं नाही, बोटाचा तेलकट डाग तापला की बल्ब लवकर जातो, चुकून लागलंच तर स्पिरिटनं पुसा. त्याच्याकडे रिले अजून बाकी आहे, ते या महिन्यात करतोय. आणि तुम्ही यातलं काहीही करायला टाकलं तरी पैसे द्यायच्या आधी अंधारात घरच्या कुणाला तरी, जमलं तर वय झालेल्या माणसाला, गाडीसमोर बसवा, स्वतः लाईटच्या शेजारी उभे राहा आणि विचारा, मी दिसतोय का.