काढ्याला चार तारे, निळ्या कॅप्सूलला अडीच

मी कापडाच्या धंद्यातला माणूस. चीनमधल्या शाओशिंगच्या कापडबाजारात आठ वर्षं डेनिमची खरेदी करतोय आणि त्यातली सहा वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा जुनाट आजार, सांभाळतोय. मेसालझिनवर, म्हणजे आतड्याची सूज कमी करणाऱ्या गोळीवर, ठीक चाललं होतं. गेल्या हिवाळ्यात परत रक्त पडायला लागलं, दिवसाला पाच-सहा फेऱ्या. गोदामात शिरलो की थानं बघायच्या आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवायचो. पोटाच्या डॉक्टरांनी मेसालझिनचा डोस वाढवला आणि एवढ्यावर भागलं नाही तर स्टेरॉइड, असं बजावलं. चिनी औषध सोबत घेऊ का विचारलं, तर म्हणाले, घ्या, पण माझी गोळी सोडायची नाही आणि रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

म्हणून हांगचौमधल्या एका चिनी वैद्यकाच्या रुग्णालयात गेलो. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारही आहे. फोनवर नंबर लावला, 30 युआन. साठीच्या डॉक्टरबाई. भाषांतराला ऑफिसातली अकाउंटंट मुलगी सोबत होती, आणि शौचाचा रंग, वास, चिकटपणा असं सगळं तिच्या तोंडून वदवून घेताना मला घाम फुटला. तिला काही नाही. बाईंनी जीभ बघितली, दोन्ही मनगटं छोट्याशा उशीवर ठेवून तीन बोटांनी नाडी पाहिली आणि निदान सांगितलं: आतड्यात दमट उष्णता. जुन्या ग्रंथांतलं आजाराचं नावही सांगितलं, श्यूशी ली, म्हणजे मधूनमधून विसावा घेणारी हगवण. हे नाव मला फार आवडलं. सहा वर्षांत माझ्या दुखण्याचं इतकं नेमकं वर्णन कोणी केलं नव्हतं. एकूण वेळ चार मिनिटं.

काढा रुग्णालयच उकळून देतं. 200 मिलिलिटरच्या सीलबंद पिशव्या, सकाळी एक, रात्री एक, गरम पाण्यात ठेवून कोमट करायच्या. आठवड्याचे 380 युआन. चिठ्ठीवर तेरा वनस्पती, पण गाभा चारच औषधांचा: बाइतौवंग, ह्वांगल्येन, ह्वांगबाइ आणि छिनपी. हा काढा झांग झोंगजिंग या प्राचीन चिनी वैद्याच्या नावावर आहे, सुमारे 1800 वर्षांपूर्वीचा. बाइतौवंग म्हणजे पिकल्या केसांचा म्हातारा, त्या झाडाच्या बियांना पांढरे लव असतात म्हणून. ह्वांगल्येन आणि ह्वांगबाइमध्ये बर्बेरिन असतं, आपल्या दारुहळदीत असतं तेच. त्यामुळे पहिला घोट अगदीच परका वाटला नाही. दुसरा वाटला. चिनी लोकांत म्हण आहे, मुक्याने ह्वांगल्येन खाल्लं, कडू आहे हे सांगणार कुणाला! म्हणजे आपला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

रात्री एनिमा. शीलेई सान नावाची पूड कोमट पाण्यात कालवून 100 मिलिलिटर, डाव्या कुशीवर निजून आत धरून ठेवायची. हा आजार गुदाशयापासून वर चढतो, त्यामुळे औषध थेट तिथे पोचवायचं, हे मला पटलं. पहिल्या रात्री पाच मिनिटंही धरलं नाही. दहाव्या दिवशी तसंच झोपलो आणि सकाळी उठलो.

तिसऱ्या भेटीत चिठ्ठीत कॅप्सूल वाढली. घरी एक उघडून बघितली आणि हसूच आलं. नीळ! बोटाला लागलेला तो डाग मी अंधारातही ओळखीन. छिंगदाइ म्हणतात तिला. पानं पाण्यात कुजवून, चुना घालून घुसळून, वर येणारा फेस वाळवतात. नीळ पाण्यात विरघळत नाही. डेनिमच्या सुतावर चढवायची तर आधी तिचं रासायनिक रूप बदलावं लागतं, धागा हवेत आला की मग निळा होतो. म्हणजे काढ्यात टाकून उपयोग नाही, कॅप्सूलच हवी. इथवर बाईंचं बरोबर होतं.

पण माझा धंदाच निळीचा, म्हणून शोधाशोध केली. जपानमध्ये याच आजाराच्या 86 रुग्णांवर निळीची 8 आठवड्यांची चाचणी झाली होती, 2018 साली छापून आली. रोज 1 ग्रॅम घेणाऱ्यांपैकी 75 टक्क्यांना फरक पडला, औषध नसलेल्या दिखाऊ मात्रेवर (प्लासिबो) जेमतेम 14 टक्क्यांना. आकडे बघून मी खुर्चीतून उठलो. पुढची ओळ वाचून परत बसलो: चाचणी मुदतीआधी थांबवली. चाचणीबाहेर स्वतःच्या मनाने नीळ घेणाऱ्या एका रुग्णाला फुप्फुसाच्या रोहिणीतला रक्तदाब वाढण्याचा विकार झाला, आणि 2016 च्या डिसेंबरात जपान सरकारने इशाराच काढला. यातलं एक अक्षर मला रुग्णालयात कोणी सांगितलं नव्हतं. दम लागतो का, हेही नाही. जीभ बघायला वेळ आहे आणि हे विचारायला नाही? दीड तारा तिथे गेला.

पोटाच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी हृदयाचा इको करून घेतला, नॉर्मल आला. तोवर सात आठवडे झाले होते. पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंसमोर इशाऱ्याचा कागद ठेवला, त्यांनी चष्मा वर करून वाचला, मान हलवली आणि कॅप्सूलवर काट मारली. वाद नाही, सबब नाही. त्याबद्दल मान आहे.

आता फेऱ्या दोन, रक्त नाही. कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारा शौचाच्या तपासणीतला आकडा, 1100 वरून 210. वाढवलेल्या मेसालझिनने झालं, काढ्याने, एनिमाने की निळीने, कुणास ठाऊक. चार जणांनी मिळून गाडी ढकलली, कुणाचा जोर किती ते चढणीला विचारायचं. क्रोन्सवाल्यांना (तोही आतड्याच्या सुजेचाच आजार) मात्र एक सांगतो: लेइगोंगतेंग नावाची वेल कोणी सुचवली तर आधी यकृत, मूत्रपिंड आणि मूल हवंय का, हे तिन्ही प्रश्न विचारून घ्या. ती वेल विषारी आहे.

काढा चालू आहे. उरलेल्या अकरा कॅप्सूल ऑफिसात रंगांच्या नमुन्यांच्या बाटल्यांशेजारी ठेवल्यात. परवा एका सप्लायरने विचारलं, हा शेड कुठल्या गिरणीचा?