धूळ वेगळी, वाफ वेगळी: सुतारकामासाठी घेतलेला मास्क, सहा महिन्यांनंतर

फणसाचं लाकूड घासायला घेतलं की पिवळी पूड उडते आणि रात्री नाक शिंकरलं की रुमाल पिवळा होतो. माझ्या वडिलांचे रुमाल असेच असायचे. आई ते वेगळ्या बादलीत भिजत घालायची. बाबा पहाटे उठून अंगणाच्या कडेला बसून खोकायचे. सुतारकाम म्हटलं की एवढं व्हायचंच, असं घरात सगळे धरून चालले होते. मीही तेच धरून बावीस वर्षं काम केलं.

आमचं वर्कशॉप गोव्यात, डिचोलीजवळ. देव्हारे, चौरंग, दारं-खिडक्या करतो, आणि जुन्या घरांतल्या शिसवी खुर्च्या-कपाटांची दुरुस्ती नि पॉलिश. गेल्या मे महिन्यात एका शिसवी कोचाचं काम आलं. तीन दिवस सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, चालवला. चौथ्या दिवशी पहाटे मी अंगणाच्या कडेला बसलो होतो, बाबा बसायचे त्याच जागी. बायको दारात येऊन म्हणाली, "आज कामावर जायचं नाही. डॉक्टरांकडे जायचं."

डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, काम करताना मास्क लावता का? मी खिशातून काढून दाखवला, कोविडच्या वेळचा निळा, कानात अडकवायचा. ते म्हणाले, "अहो, हा तुमच्या तोंडचे तुषार पेशंटवर उडू नयेत म्हणून असतो. धुळीला याचं काय?"

तेव्हापासून मी मास्कच्या मागे लागलो. आधी म्हापशात एका हार्डवेअरच्या दुकानात विचारलं. तिथे जाड कापडाचा, वर झडप लावलेला एक मास्क मिळाला. "सगळ्याला चालतो, धूळ काय नि थिनर काय," असं सांगून दिला. खोक्यावर ना मानक, ना कुठली खूण. थिनरचा डबा उघडला तर वास सरळ नाकात. पैसे गेले त्याचं काही नाही. मी त्या विश्वासावर दिवसभर फवारा मारला असता, याचा मला अजून राग येतो.

शेवटी वेर्ण्याला गेलो. औद्योगिक वसाहतीच्या बाजूला कारखान्यांना हेल्मेट, हातमोजे पुरवणारं एक दुकान आहे. त्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "काम कसलं?" आणि दुसरा, "चेहरा लहान की मोठा?" हे दोन प्रश्न विचारणारा दुकानदार भेटला की तिथूनच घ्या. त्याने तीन मापं पुढे ठेवली आणि एकेक लावून बघायला सांगितलं.

मी घेतला तो थ्रीएम कंपनीचा ६२००. नाक, तोंड आणि हनुवटी झाकणारा रबरी हाफ फेस मास्क, मधलं माप. याच्याच लहान मापाला ६१०० म्हणतात, मोठ्याला ६३००. दोन बाजूंना फिल्टर किंवा कार्ट्रिज फिरवून बसवायची सोय, मध्ये श्वास बाहेर सोडायची झडप, मागे डोक्यावर आणि मानेवर पट्टे. सोबत घेतलं ते असं: धुळीसाठी २०९७ या गुलाबी चकत्यांची जोडी, पॉलिशसाठी ६००१ या कार्ट्रिजची जोडी, आणि त्यावर बसवायचे ५एन११ फिल्टर, ते दाबून धरणाऱ्या ५०१ च्या झाकणांसकट. सगळं मिळून तीन-साडेतीन हजारांत बसलं. मास्क बराच काळ टिकतो, पुढचा खर्च फिल्टर-कार्ट्रिजचा.

एवढे वेगवेगळे भाग का, तेच मला बावीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. धूळ म्हणजे कण. कण गाळायला गाळणी पुरते. थिनर, स्पिरिट, सीलर यांची निघते ती वाफ, आणि वाफ गाळणीतून हवेसारखीच आरपार जाते. तिला धरून ठेवायला कार्ट्रिजमधला सक्रिय कोळसा लागतो. उलट नुसत्या कार्ट्रिजने धूळ नीट अडत नाही, म्हणून तिच्यावर ५एन११ ची चकती चढवायची. एन९५ चा मास्क लावून मेलामाइन मारणारे पॉलिशवाले मी आजही बघतो. त्यांना वाटतं आपण काळजी घेतली. त्यांच्या छातीत सगळी वाफ जशीच्या तशी जात असते.

आकड्यांचा अर्थही समजून घ्या. एन९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, अडवायला सर्वांत कठीण असे कण किमान ९५ टक्के अडतात. पी१०० मध्ये ९९.९७ टक्के, आणि तेलकट कणांनी तो बिघडत नाही; माझ्या २०९७ च्या गुलाबी चकत्या याच दर्जाच्या. आपल्याकडच्या खोक्यांवर आयएस ९४७३ हे भारतीय मानक आणि एफएफपी१, एफएफपी२, एफएफपी३ असे गाळणीचे चढते दर्जे छापलेले असतात. एफएफपी१ सुतारकामाला घेऊ नका. रोज सँडर चालवत नसाल, महिन्यातून एखाद-दुसरं स्टूल करत असाल, तर चांगला एफएफपी२ किंवा एन९५ पुरेल, फक्त पट्टे डोक्यामागून जाणारे हवेत. कानात अडकवायचे मास्क गालाशी घट्ट बसत नाहीत. माझ्यासारखं रोजचं काम असेल तर मात्र हाफ फेसच घ्या.

मला ही खात्री कशी पटली ते सांगतो. आमच्या कौलारू छपरात एक काचेचं कौल आहे. सकाळी अकराच्या सुमारास त्यातून उन्हाची तिरीप बरोबर टेबल सॉवर पडते. एके दिवशी सँडर बंद करून मी तिच्याकडे बघत बसलो. रंध्याचे छिलके, करवतीचा भुसा केव्हाच खाली बसला होता. तिरिपेत मात्र धुरासारखं काहीतरी हळूहळू वर-खाली होत होतं. चहा पिऊन परत आलो तरी होतच होतं. ती धूळ मी इतकी वर्षं मास्क काढून, विडी-चहाच्या गप्पा मारत ओढली. कारण मशीन बंद म्हणजे धूळ बंद, असा समज. आता सँडिंगनंतर अर्धा तास मास्क तोंडावरच राहतो, झाडताना तर नक्कीच.

या धुळीला हलकी समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली. तो कर्करोग मुख्यतः नाकाचा आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांचा. शिसम आणि साग यांच्या पुडीने अंगाला खाज येते, शिंका लागतात, हे आपण सगळे अनुभवतोच. एमडीएफमध्ये युरिया-फॉर्माल्डिहाइडचा चिकटा असतो आणि फॉर्माल्डिहाइडही त्याच पहिल्या गटात आहे. जुन्या दारांवरच्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं. असं दार घासायचं असेल तर पी१०० शिवाय हात लावू नका, आणि कामाचे कपडे घरात आणू नका.

आता मास्क कसा बसतो ते. पहिल्या आठवड्यात चष्म्यावर वाफ यायची. मला वाटलं मास्कच असा. मग कळलं की नाकापाशी फट राहत होती. खालचे पट्टे आधी ओढले, मग वरचे, तसा तो बसला आणि वाफ थांबली. रोज लावल्यावर दोन गोष्टी करायच्या. दोन्ही कार्ट्रिज तळव्यांनी झाकून हळू श्वास आत घ्यायचा, मास्क चेहऱ्यावर किंचित आक्रसला पाहिजे. मग झडप तळव्याने झाकून हळू श्वास सोडायचा, मास्क थोडा फुगला पाहिजे आणि कडेने हवा निसटता कामा नये. दहा सेकंदांचं काम आहे. ऑगस्टमध्ये एकदा पहिली चाचणी जमेचना. झडपेचं झाकण काढून बघितलं तर पातळ रबरी पापुद्र्याखाली सागाची एक कुसळाएवढी काडी अडकलेली. पापुद्रा केसभर उचललेला होता, आणि त्या केसभर फटीतून धूळ आत येत होती. तेव्हापासून दर शनिवारी झडप उघडून बघतो.

दाढीचं बोलायलाच हवं. माझ्याकडे काम शिकणारा मुलगा आहे, चोवीस वर्षांचा, दाढी छान राखलेली. त्याला मास्क आणून दिला तर म्हणाला, "मेस्त्री, मी घट्ट बांधतो ना!" मी त्याला हवा निसटते ती दाखवली, थिनरचा बोळा कानशिलाजवळ धरून. त्याला वास आला. मिशी मास्कच्या आत राहते, तिचा त्रास नाही, पण कडेखाली केस आले की हवा तिथूनच वाट काढते. दोन दिवस तो रुसला. तिसऱ्या दिवशी गुळगुळीत होऊन आला. त्याला ६१०० बसला. माझा ६२०० त्याने आधी लावला होता तेव्हा हनुवटीखाली बोट जात होतं. दुसऱ्याचा मास्क उसना का घेऊ नये, हे तेव्हा समजलं.

पावसाळ्यात कार्ट्रिज सांभाळणं हे आपल्याकडचं मोठं काम. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा महिना म्हणजे पॉलिशची झुंबड. देव्हारा, चौरंग, गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या माटोळीची चौकट, सगळ्यांना सगळं एकाच वेळी हवं. बाहेर पाऊस, दारं लावलेली, आत थिनरचा वास कोंडलेला. कोळसा उघड्यावर राहिला की हवेतली वाफ आणि दमटपणा शोषत राहतो, तुम्ही काम करा न करा. म्हणून काम संपलं की कार्ट्रिज घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा पॉलिशच्या कपाटापासून लांब. कार्ट्रिजवर मास्किंग टेप लावून उघडल्याची तारीख लिहितो. आत वास यायला लागला की बदललीच, पण वासाची वाट बघत नाही. माझ्या कामाला सहा आठवडे धरले आहेत. धुळीचे फिल्टर धुऊ नका, कंप्रेसरची हवाही मारू नका, त्याने गाळणी फाटते. श्वास ओढायला जड झालं की नवीन लावा. मास्क मात्र कार्ट्रिज काढून कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवायचा, सावलीत वाळवायचा.

हा मास्क कुठे पुरत नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. हार्डनर मिसळून मारायच्या टू-के पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा वास येईपर्यंत धोक्याची पातळी ओलांडलेली असते, आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की थोड्याशानेही दमा उठतो. त्याचा फवारा मारायला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तो माझ्याकडे नाही, म्हणून मी पीयूचा फवारा मारणं बंद केलं. गिऱ्हाईक आग्रह धरतं तेव्हा सुसज्ज बूथ असलेल्याकडे काम पाठवतो. जुना रंग काढायच्या काही रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं, ते या कार्ट्रिजमधून भराभर पार होतं. लेबल वाचा, ते नाव दिसलं तर डबा परत करा. स्पिरिटमध्ये मिथेनॉल मिसळलेलं असतं, तेही कोळशात फार टिकत नाही. लाखेचं पॉलिश मी आता पडवीत, वाऱ्याकडे पाठ करून, बोळ्याने मारतो. आणि २०९७ च्या चकतीत कोळशाचा पातळ थर आहे, पण त्या भरवशावर थिनरचं काम करू नका. तो थर किरकोळ वासापुरता आहे.

त्रास म्हणाल तर घाम. मे महिन्यात कुठलाही हाफ फेस मास्क तासाभरात आतून ओला होतो. मी पाऊण तासाने बाहेर जाऊन काढतो, पुसतो, पुन्हा लावतो. बोलणं ऐकू जात नाही, म्हणून मुलगा नि मी हातांच्या खुणा ठरवल्या आहेत. फोन आला की काम थांबवायचं, मास्क उचलून "हॅलो" म्हणायचं नाही. आणि मास्क घेतला म्हणून धूळ उडू द्यायची असं करू नका. सँडरला व्हॅक्यूमची नळी जोडली तेव्हापासून फिल्टर जवळजवळ दुप्पट दिवस टिकतात.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. परवा वर्कशॉपमध्ये आले आणि सवयीने पटाशी उचलून कडेच्या फळीला लावली. मी त्यांच्या हातात एक नवा एन९५ दिला. पट्टे कसे घालायचे ते कळेना, म्हणून मीच मागे उभा राहून घातले, नाकावरची पट्टी दोन बोटांनी दाबून बसवली. "गुदमरतं रे," म्हणाले. तरी काढला नाही. पाऊणएक तास फळी तासत होते.