सूत्रातला पासवर्ड की तिजोरीतला?

पुण्यात मिळकतकर, महावितरण, गॅस, बँक अशा प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हवा. लेसपास हे अ‍ॅप मास्टर पासवर्ड (तुम्ही लक्षात ठेवायचा एकच मुख्य पासवर्ड), साइटचं नाव, लॉगिन आणि काउंटर (१, २ असा साधा आकडा) यांतून सूत्राने दर वेळी त्या साइटचा तोच पासवर्ड काढतं. पासवर्ड कुठेच साठवत नाही. ऐकायला झकास! पण एखाद्या साइटने पासवर्ड बदलायला लावला की काउंटर १ चा २ करायचा, आणि तो लक्षात ठेवायचा तुम्हीच. कुठे विशेष चिन्हं चालत नाहीत, तेही. मास्टर बदलला तर सगळीच खाती बदला. शिवाय एक पासवर्ड फुटला, तर चोराला त्यावरून मास्टरचे अंदाज निवांत ताडून पाहता येतात. म्हणून आमचं मत कीपासला, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलीत ठेवणाऱ्या तिजोरी-अ‍ॅपला. त्यातले पासवर्ड स्वैर (रँडम) बनतात, मास्टरवरून नाही. मास्टर बदलला तरी आतले तसेच राहतात. फाइल हरवली तर मात्र सगळंच गेलं, तेव्हा एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवाच.