समुद्री कयाकिंगचं प्रमाणपत्र : सोलापूरकरानं कोणतं घ्यावं, आणि सराव कुठे करावा?

सोलापुरातून मालवणला निघा की पणजीला, गाडीच्या मीटरवर चारशेच्या आसपास किलोमीटर पडतातच. त्यामुळे आपल्याकडच्या माणसासाठी हा प्रश्न फीचा कमी आणि खेपांचा जास्त आहे. किनाऱ्यावर किती वेळा जावं लागणार आणि मधल्या काळात हात कुठे चालवायचा, यावरच निवड ठरते.

दोन गोष्टी आधीच बाजूला काढतो. तारकर्लीला किंवा गोव्यात सुट्टीत भाड्यानं मिळते ती रुंद, प्लास्टिकची, वर बसायची कयाक. ती उलटली तर माणूस नुसता पाण्यात पडतो. मजा भरपूर येते, पण प्रमाणपत्राच्या हिशेबात तो अनुभव जवळजवळ शून्य. दुसरी वाट म्हणजे सपाट पाण्यावरच्या स्प्रिंट शर्यतींची, ऑलिंपिकमध्ये असतात त्या. त्या खेळाचं महत्त्व आहेच, पण तिथे समुद्र येत नाही.

समुद्री कयाक साधारण 15 ते 18 फूट लांब आणि अरुंद असते. पाय आत घालून बसायचं, पुढे-मागे पाणी न शिरणारे बंद कप्पे, आणि कमरेपासून बैठकीच्या काठापर्यंत ताणून बसवलेला स्कर्ट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारं झाकण. ती उलटली की तुम्ही आतच राहता, डोकं खाली, पाय वर. शिक्षण सुरू होतं ते इथून.

आता खऱ्या दोन शिड्या. पहिली अमेरिकन कनू असोसिएशनची, म्हणजे एसीएची. 1880 साली स्थापन झालेली ही संस्था कौशल्याचे पाच स्तर मानते. पहिला निव्वळ ओळखीचा, दुसरा शांत पाण्यातल्या पायाभूत तंत्राचा, तिसरा किनारी समुद्राचा, चौथा-पाचवा खुल्या आणि खवळलेल्या पाण्याचा. प्रत्येक स्तराला वारा, लाट आणि किनाऱ्यापासूनचं अंतर यांच्या मर्यादा आखलेल्या असतात. इथे एक गल्लत फार होते. ‘लेव्हल थ्री’ हे स्वतःच्या कौशल्याचं मूल्यमापनही असतं आणि प्रशिक्षक म्हणून मिळणारं प्रमाणपत्रही असतं. दोन्ही अगदी वेगळी आहेत. प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र 4 वर्षं चालतं, पुढे नूतनीकरण करावं लागतं. कुणी ‘मी लेव्हल थ्री आहे’ म्हणाला की पहिला प्रश्न विचारा : वल्हवणारा म्हणून की शिकवणारा म्हणून?

दुसरी शिडी ब्रिटिश. पूर्वीची ब्रिटिश कनूइंग ही संस्था 2024 पासून पॅडल यूके या नावानं चालते. तिथे स्वतःच्या कौशल्यासाठी सी कयाक अवॉर्ड आहे आणि इतरांना घेऊन समुद्रात जाणाऱ्यांसाठी सी कयाक लीडर. लीडरची हद्द बोफर्ट मापाच्या चौथ्या वाऱ्यापर्यंत, म्हणजे ताशी 20 ते 28 किलोमीटर वेगापर्यंत. लीडरच्या परीक्षेत वल्हं कसं मारता याइतकंच निर्णय कसे घेता हे पाहतात : मागं कोण पडलंय, वारा फिरला तर कुठे उतरायचं, भरती कधी पालटते. ही पद्धत मला जास्त कसदार वाटते. पण ती थंड पाण्याच्या देशात घडलेली आहे. तिथे पाण्यात पडलेला माणूस गारठतो, ही पहिली काळजी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पाणी कोमट असतं, त्यामुळे ऊन आणि अंगातलं पाणी कमी होणं हा मोठा शत्रू. सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीसची सवय असलेल्यांनीही तोरा मिरवू नये. किनाऱ्यावर घाम वाळतच नाही.

माझं मत सरळ सांगतो. स्वतःच्या आनंदासाठी आणि सुरक्षितपणे किनाऱ्यालगत फिरण्यासाठी शिकायचं असेल तर एसीएचा दुसरा आणि मग तिसरा स्तर. भारतात त्या पद्धतीनं शिकवणारे मिळतात, आणि पायऱ्या लहान असल्यानं एकेका खेपेत एक पायरी जमते. परदेशात, खास करून ब्रिटनमध्ये शिकायला किंवा कामाला जाणार असाल तरच ब्रिटिश शिडीचा विचार करा. आणि किनाऱ्यावरच्या जलक्रीडा व्यवसायात नोकरी हवी असेल तर या दोन्हींआधी गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचा जीवरक्षकाचा अभ्यासक्रम पाहा. पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतली संस्था आहे.

शिडी कोणतीही धरा, प्रशिक्षण आणि मूल्यमापन एकाच खेपेत उरकू नका. चार दिवसांत शिकून पाचव्या दिवशी परीक्षा, असं पॅकेज चारशे किलोमीटरवरून येणाऱ्याला आकर्षक वाटतं. पण मूल्यमापनात तंत्र आठवतं का हे पाहत नाहीत, दमल्यावर ते आपोआप होतं का हे पाहतात. टी-रेस्क्यूचंच घ्या, म्हणजे उलटलेल्या माणसाला दुसऱ्या नावेच्या मदतीनं पुन्हा आत बसवण्याची रीत. उलटलेला माणूस आधी स्कर्टची पुढची पट्टी ओढून बाहेर येतो. ही पट्टी स्कर्ट बसवताना चुकून आत दुमडली गेली तर ओढायला काही उरतच नाही, म्हणून निघण्यापूर्वी ती बाहेर आहे ना हे हात लावून बघायचं. बाहेर आल्यावर नाव आणि वल्हं सोडायचं नाही. मदतीला आलेला त्या उलट्या नावेचं टोक स्वतःच्या नावेवर आडवं ओढून घेतो, आतलं पाणी काढतो, सरळ करून दोन्ही नावा शेजारी घट्ट धरून ठेवतो, आणि मग पाण्यातला माणूस मागच्या बाजूनं पोटावर सरकत आत शिरतो. कागदावर सोपं वाटतं. लाटेत पंधराव्यांदा करताना हात थरथरतात.

हे पंधरा वेळा करायला आपल्याकडे उजनी आहे. टेंभुर्णीजवळचं हे धरण शहरापासून गाडीनं दीड-दोन तासांवर. दिशा बदलणं, नाव कडेवर झुकवून वळवणं, ओढून नेणं, टी-रेस्क्यू, सगळं तिथे घटवता येतं. धरण मायनसमध्ये जाण्याआधी, म्हणजे वापरायचा साठा संपण्याआधी, हिवाळ्यातच करा. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की काठावर गुडघाभर गाळ लागतो. जलसंपदा खात्याची परवानगी आणि स्थानिक मच्छीमारांची जाळी, दोन्हींची चौकशी आधी करा. आणि धरणाचं पाणी म्हणजे निवांत, हा समज काढून टाका. मे 2024 मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जण बुडाले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर तिथे कयाक घालूच नये. लाइफ जॅकेट अंगात घालूनच उतरायचं, नावेत ठेवून नाही.

उजनी शिकवू शकत नाही ते म्हणजे भरती-ओहोटी आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा. लाटांना पर्याय नाही, समुद्रावरच जावं लागतं. भरतीचा अभ्यास मात्र घरी होतो. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास. मुंबईच्या आसपास हा अंदाज बऱ्यापैकी लागतो, मालवण-गोव्याकडे भरती त्याआधी येते. परीक्षकासमोर मात्र भरतीचं छापील कोष्टक वाचून बेत मांडावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे सर्वांत कमजोर भरती-ओहोटी, यात पाण्याचा जोर किती बदलतो, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून आधीच ओळखता आलं तर त्या टप्प्यावर अडायला होत नाही.

वेळापत्रक मी असं आखेन. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षण, डिसेंबर-जानेवारीत उजनी, फेब्रुवारी-मार्चमध्ये मूल्यमापन. मार्चमध्ये दुपारी खारे वारे जोर धरतात, आणि तिसऱ्या स्तराच्या परीक्षेला थोडा वारा हवाच असतो. समुद्र आरशासारखा सपाट असेल तर चांगला परीक्षक सही करणार नाही, दुसऱ्या दिवशी बोलावील. म्हणून मुक्कामाचा एक दिवस जादा धरा. जूनपासून किनारा पावसाळ्यासाठी बंद, तेव्हा एप्रिलपलीकडे ढकलू नका.

पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा : स्कर्ट लावायच्या, आत बसायच्या नावा आहेत का? एका प्रशिक्षकामागे किती जण असतील? तो कोणत्या स्तरापर्यंत सही करू शकतो, आणि त्याचं प्रमाणपत्र चालू आहे का? नापास झाल्यास फक्त राहिलेला भाग पुन्हा देता येतो की सगळंच? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या, कारण ‘सगळंच’ असेल तर तुमच्या खेपा दुप्पट होतात.