हातातलं जीपीएस, नऊ महिन्यांनंतर : रस्त्यावर अर्धं, डोंगरात दीडपट

यंत्र आल्यावर पहिल्याच रविवारी मी ते मोटरसायकलच्या हँडलला बसवलं, पुण्याहून निघाले आणि खेड शिवापूरच्या पुढे गाडी कडेला घेऊन मुकाट्याने खिशातला फोन काढला. सव्वादोन इंचाच्या पडद्यावरचा रस्ता हँडलवरून मुंगीच्या पायाएवढा दिसत होता आणि वळणाआधी वाजणारी पिकपिक हेल्मेटमध्ये ऐकूच येत नव्हती. पंचवीस हजारांच्या आतबाहेर पैसे मोजून घेतलेली वस्तू, त्यामुळे त्या दिवशी घरी कोणाला काही बोलले नाही.

मला एकच यंत्र हवं होतं. शनिवारी घाटरस्त्याने पायथ्याचं गाव गाठायचं, रविवारी तेच यंत्र सॅकच्या पट्ट्याला अडकवून डोंगर चढायचा. फोन पुरत नव्हता असं नाही, पण तीन गोष्टींनी जीव नकोसा केला होता. मे महिन्याच्या उन्हात हँडलवर तापून तो बंद पडायचा. पावसात पडद्यावरचे थेंब बोटांसारखेच वागायचे आणि नकाशा आपोआप भलतीकडे सरकायचा. तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची. मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता यंत्रणा बिघडू शकते, असं खुद्द अॅपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. माझा फोन त्या कंपनीचा नाही, तरी धास्ती बसायची ती बसलीच.

यंत्राचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्या माझ्या हातातल्या एका नगापुरत्या आहेत. जात सांगते : हातात मावणारं, बटणांचं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं, आत हवेच्या दाबावरून उंची सांगणारा अल्टिमीटर आणि इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असलेलं. गाडीच्या काचेवर लावायचं मोठ्या पडद्याचं जीपीएस मी बाद केलं, कारण ते चार्जिंगच्या वायरीपासून तासा-दोन तासांच्या वर लांब राहू शकत नाही. घड्याळ बाद केलं, कारण चाळिशीनंतर त्यावरचा नकाशा मला दिसत नाही.

रस्त्याचा हिशोब आधी संपवते. रस्त्यासाठी हे घेऊ नका. वाट काढतं, नाही असं नाही, पण ती नकाशात दिसणारी सगळ्यात जवळची वाट असते. आज त्या रस्त्यावर काय चाललंय, याचा त्याला पत्ता नसतो. जुलैमध्ये महाडला जायचं होतं. यंत्राने भोरवरून वरंधा घाट सुचवला आणि मीही पावसाळ्याचे दिवस विसरून निघाले. भोरला पोचल्यावर फलक : घाट वाहतुकीस बंद. फोनवर त्या दिवशी तो बंदच दाखवत होता, मी बघितलं नव्हतं एवढंच. मागे फिरून ताम्हिणीमार्गे माणगाव गाठेस्तोवर दुपार झाली. चूक माझी, पण ती करायला मदत यंत्राची. हँडलवरची रबरी पट्टीही पाचव्या महिन्यात तुटली. सोबतची दोरी मी आरशाच्या दांडीला बांधलेली होती म्हणून यंत्र रस्त्यावर न पडता टाकीवर आपटलं. टाकीला पोचा आला, यंत्राला ओरखडासुद्धा नाही.

आता डोंगर.

आधी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. पेटीतून काढल्यावर यंत्रात जो नकाशा असतो तो सह्याद्रीत जवळजवळ कोरा कागद आहे. मोठे रस्ते, तालुक्यांची नावं, बास. पहिला महिना मी त्यावरच काढला आणि यंत्राला शिव्या दिल्या. मग एका मित्राने ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले, समोच्चरेषांसकट (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) मिळणारे फुकट नकाशे टाकून दिले. ओपनटोपोमॅपसारख्या ठिकाणांहून भारताची फाइल उतरवायची आणि मेमरी कार्डावर योग्य फोल्डरमध्ये ठेवायची, एवढंच काम. यंत्र एकदम शहाणं झालं. पायवाटा, विहिरी, गडावरची पाण्याची टाकी दिसायला लागली. हे सगळं कोणीतरी हौसेने चालत जाऊन भरलेलं असतं, त्यामुळे राजगड-तोरण्याला बारीकसारीक पायऱ्या सापडतात आणि आडबाजूच्या घाटवाटेवर शुकशुकाट असतो. आता मीही दोन-तीन टाकी त्यात भरून ठेवली आहेत.

समोच्चरेषांचं मात्र समजून घ्यायला हवं. या फुकट नकाशांतली उंची बहुतेक वेळा २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवस केलेल्या रडार मोजणीतून येते. जमिनीचे साधारण ३० मीटरचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनाला एक उंची, असा तो मामला. गवताळ डोंगराला हे छान चालतं. सह्याद्रीचा उभा कातळ मात्र त्यात घासून गुळगुळीत होतो आणि कड्याच्या जागी नुसता तीव्र उतार दिसतो. शहाण्याने दाट रेषा दिसल्या की तिथे कडाच आहे असं धरून चालावं.

हे मला रायलिंगच्या पठारावर कळलं. जूनचा पहिला पाऊस होऊन गेला होता. वेल्हे ओलांडून पासलीच्या पुढे मोहरी गाठलं, आम्ही चौघं. गावातले एक मामा पठारापर्यंत सोबत आले. समोर लिंगाणा, त्यामागे रायगड, हवा लख्ख. बोराट्याच्या नाळेने, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीने, उतरल्यावर लागणाऱ्या खिंडीची खूण मी घरूनच यंत्रात भरून आणली होती. पठाराच्या टोकाला उभं राहून ती निवडली तर बाण सरळ पुढे आणि अंतर जेमतेम २०० मीटर. मामांनी पडद्यात डोकावून विचारलं, “काय म्हनती डबी?” मी म्हटलं, “समोर दोनशे मीटर.” मामा कड्यावरून खाली बघून म्हणाले, “मंग जावा की ताई, लगीच पोचाल.” यंत्र पक्ष्याचं अंतर सांगतं. नाळेने फिरून जायला किती वेळ लागतो, ते मामांनाच माहीत.

मामांना म्हशी सोडायच्या होत्या. “आल्या वाटेनं या” असं सांगून ते परत गेले आणि अर्ध्या तासात धुकं आलं. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना सांगायला नको. पुढचा माणूस दहा पावलांवर पुसट होतो, आवाज कुठून येतो ते कळत नाही, आणि पठाराला तीन बाजूंनी कडे. कारवीत शिरलं की पायवाट आणि ढोरवाट यात फरक उरत नाही.

गावातून निघताना मी ट्रॅक नोंदवायला लावला होता. या यंत्राचं खरं काम इथे सुरू होतं. पडद्यावर सकाळची आमची रेघ आणि त्यावर आमचा ठिपका. दोनदा ढोरवाटेने भरकटलो, दोन्ही वेळा तीस-चाळीस मीटरवर रेघ सुटल्याचं दिसलं आणि मागे आलो. वाऱ्यापावसात बोटं गारठलेली, पण बटणं हातमोज्यातूनही दाबली जात होती. पडदा दिवसा उजेडावरच वाचता येतो, त्याला आतला दिवा लागत नाही, त्यामुळे सेलही खर्ची पडत नव्हते. एक गंमत झाली. सकाळी फोटो काढायला आम्ही एका करवंदीच्या जाळीला मोठा वळसा घातला होता. परतीत यंत्राने तोही इमानेइतबारे घालायला लावला, आणि धुक्यात आम्ही चौघंही निमूटपणे त्या जाळीभोवती फिरलो. गावाच्या अलीकडे मामा हाका मारत उभे होते. “डबीनं आनलं व्हय?” एवढंच म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

म्हणून इंटरनेटवरून उतरवलेला दुसऱ्याचा ट्रॅक आणि स्वतःचा सकाळचा ट्रॅक यांना मी आता एकाच तराजूत तोलत नाही. दुसऱ्याच्या रेघेत त्याचे वळसे असतात, त्याच्या चुका असतात, आणि तो ती नाळ चढून गेला होता की दोर लावून उतरला होता, ते रेघ सांगत नाही.

अचूकतेबद्दल बरेच जण विचारतात. मे २००० पर्यंत अमेरिका जीपीएस उपग्रहांचे नागरी संकेत मुद्दाम बिघडवून सोडायची, तेव्हा शंभरेक मीटर इकडेतिकडे व्हायचं. आता उघड्या माळावर माझं यंत्र तीन ते पाच मीटरवर येतं. बंदिस्त जागी मात्र त्याची फजिती होते. जानेवारीत साम्रदच्या सांदण दरीत, जिथे काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की भिंतींना लागतात, तिथे संकेत कातळावर आपटून उशिरा पोचत होते आणि आमचा ट्रॅक दर मिनिटाला भिंतीवरून उडी मारत होता. त्या उड्यांची बेरीज होऊन चाललेलं अंतर जवळजवळ दीडपट दिसलं. सोबतच्या मैत्रिणीकडे एल-वन आणि एल-फाइव्ह अशा दोन्ही रेडिओ-पट्ट्यांवर उपग्रहांचे संकेत घेणारं यंत्र होतं, तिची रेघ बरीच सुधारलेली होती. पुन्हा घ्यायचं झालं तर याच एका गोष्टीसाठी मी जास्तीचे पैसे देईन. नाविक या भारताच्या स्वतःच्या दिशादर्शक यंत्रणेचे उपग्रह माझं यंत्र वापरत नाही, त्यावाचून आजवर कुठे अडलं नाही.

उंचीचा आकडा हवेच्या दाबावर चालतो. त्यामुळे गडावर मुक्काम केला की रात्रभर गुहेत झोपूनसुद्धा आपण वीस-तीस मीटर चढलेले किंवा उतरलेले असतो. बिघाड नाही हो, हवामान बदललेलं असतं. आठेक मीटर उंचीला साधारण एक मिलिबार दाब, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. मी ओळखीच्या उंचीवर ते जुळवून घेते. कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ भरायचं आणि पुढे निघायचं. होकायंत्रालाही असेच लाड लागतात. सेल बदलले की त्याला हातात धरून फिरवून पुन्हा जागेवर आणावं लागतं. मोटरसायकलच्या लोखंडाजवळ ते काय दाखवेल त्यावर विश्वास ठेवू नये.

सेलवर मी खूप चुका केल्या. गावच्या दुकानात मिळणारे साधे पेन्सिल सेल भिंतीवरच्या घड्याळाला ठीक आहेत, यात दुपारपर्यंत मान टाकतात. आता पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सहा सेल आहेत. दोन आत, चार सॅकमध्ये. यंत्रात सेलचा प्रकार बदलून ठेवावा लागतो, नाहीतर व्होल्टेज कमी असल्यामुळे भरलेले सेलही अर्धे दिसतात. हे कळायला मला दोन महिने लागले. एक जोडी दोन पूर्ण दिवस सहज जाते, आणि फोन ज्या बाबतीत कधीच बरोबरी करू शकणार नाही ती हीच.

अक्षांश-रेखांश भरताना झालेली फजितीही सांगून टाकते. मित्राने एका घळीचं ठिकाण दशांश अंशात पाठवलं, उत्तरेला १९.२३५. माझं यंत्र अंश आणि मिनिटांवर लावलेलं. मी १९ अंश २३.५ मिनिटं भरले. खूण सतरा किलोमीटर उत्तरेला जाऊन बसली. घरीच लक्षात आलं म्हणून बरं. दोघांनी आधी पद्धत ठरवा, मग आकडे पाठवा.

परदेशातून कोणी उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तसं उपकरण बाळगता येत नाही, आणि सॅकमध्ये ते सापडल्याने विमानतळावर अडकलेल्या पर्यटकांच्या बातम्या आल्या आहेत. नुसतं ऐकणारं, म्हणजे उपग्रहांचे संकेत घेऊन जागा दाखवणारं जीपीएस वेगळं. माझं तसलंच आहे.

सध्याची सोय अशी. हँडलवर जुना फोन, कॅमेऱ्याची पर्वा नसलेला, नकाशे आधीच उतरवून ठेवलेला. हे यंत्र सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्याला. गाडी लावली की ते उघड्या आकाशाखाली चालू करते, चहा होईस्तोवर उपग्रह सापडतात, आणि मग निघताना ट्रॅक सुरू. फक्त गाडीने फिरणाऱ्यांनी हे पैसे टायरांवर घालावेत. नेहमीचे चार गड करणाऱ्यांना फोन पुरे. आडवाटांवर, धुक्यात, दोन-दोन दिवस राहणाऱ्यांनी घ्यावं, आणि शक्यतो दोन रेडिओ-पट्ट्यांचं.

यूएसबीच्या तोंडावरची रबरी झाकणी सैल झाली आहे. पाण्यात अर्धा तास टिकेल असं पेटीवर लिहिलेलं असलं तरी दिवाळीपर्यंत मी तिच्यावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे.