सुजाताची आंबा मस्तानी आणि पुण्याने उशिरा जपलेले एक नाव

सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळ असलेल्या सुजाता मस्तानीच्या दुकानापुढे एप्रिल-मेच्या संध्याकाळी जी गर्दी होते, तिच्यात शाळकरी मुलांपासून काठी टेकत आलेल्या आजोबांपर्यंत सगळे असतात आणि बहुतेकांची मागणी एकच असते, ती म्हणजे आंबा मस्तानी. पुण्यात मस्तानी अनेक ठिकाणी मिळते. बुधवार पेठेतील गुजर आणि तुळशीबागेजवळील कावरे ही नावे जुन्या पुणेकरांच्या तोंडी आजही असतात, आणि कोणाची मस्तानी खरी, यावर घराघरांत मतभेद आहेत. माझे मत सुजाताच्या बाजूने झुकते. त्याचे कारण दुधात आहे.

मस्तानी म्हणजे आइस्क्रीम घातलेले मिल्कशेक, अशी तिची ओळख परगावच्या पाहुण्यांना करून दिली जाते. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. चांगल्या मस्तानीत दूध इतके दाट आणि इतके गार असावे लागते की वर ठेवलेला आइस्क्रीमचा गोळा बुडून न जाता पेल्याच्या काठावर डोके काढून बसला पाहिजे. सुजाताच्या पेल्यात तो तसा बसतो. त्यावर काजू-बदामाचे तुकडे पेरलेले असतात आणि सोबत लांब दांड्याचा चमचा येतो, कारण सुरुवातीला हा पदार्थ प्यायचा नसून खायचा असतो. आधी गोळ्याच्या कडा चमच्याने सोडवून घ्याव्यात, मग खालचे केशरी दूध थोडे वर ढवळावे. अर्धा पेला रिकामा होईपर्यंत उरलेले आइस्क्रीम दुधात विरघळत जाते आणि शेवटचे घोट पहिल्या घासापेक्षा अधिक दाट लागतात. पेय संपत आल्यावर पाणचट न होता घट्ट होत जावे, हीच माझ्या मते मस्तानीची खरी परीक्षा आहे. उपनगरातील एका दुकानात मला मिळालेली मस्तानी तिथेच नापास झाली होती. तिच्यात बर्फाचा चुरा होता आणि आंब्याऐवजी इसेन्सचा वास होता.

सुजाताची चव गोडाकडे झुकणारी आहे, हे मात्र सांगितले पाहिजे. आंब्याचा हंगाम भरात असताना फळाचा किंचित आंबटपणा त्या गोडीला आवर घालतो. हंगामाबाहेर तो आधार कमी होतो, म्हणून पावसाळ्यानंतर मी आंब्याऐवजी सीताफळ किंवा पिस्ता मागवणे पसंत करतो. पेला मोठा असतो आणि जेवणानंतर एकट्याने तो संपवणे कठीण जाते. दोघांत एक घेणे शहाणपणाचे.

आता नावाविषयी. हे पेय पेशवाईतले नाही. चमच्याने खाण्याचे आइस्क्रीम पुण्यात आले ते पेशवाई बुडाल्यानंतर बऱ्याच काळाने. पेयाला हे नाव कसे पडले याच्या निरनिराळ्या कथा दुकानदार आणि गिऱ्हाईक सांगतात, आणि बहुतेक कथा पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या मस्तानीच्या सौंदर्यापाशी येऊन थांबतात. विडा खाल्ला की त्याचा लाल रस तिच्या गळ्यातून उतरताना दिसत असे, ही आख्यायिका पुण्यात कोणी ऐकली नाही असे होणार नाही. परंतु मस्तानी एवढीच नव्हती. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून बाजीरावाने बुंदेलखंडच्या छत्रसालाची सुटका केली, त्या संबंधातून ती पुण्यात आली. शनिवारवाड्याचा एक दरवाजा आजही तिच्या नावाने ओळखला जातो, दिवे घाटाच्या पायथ्याला मस्तानी तलाव आहे आणि तिच्या महालाचे अवशेष राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. पेशव्यांच्या घराण्याने मात्र तिला मनापासून आपले म्हटले नाही. बाजीराव अखेरच्या मोहिमेवर असताना तिला पुण्यात नजरकैदेत ठेवले गेले. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे बाजीरावाचा अंत झाला, पाठोपाठ तीही गेली, आणि तिची कबर पाबळला आहे. तिचा मुलगा समशेरबहादूर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या लढाईतील जखमांनी मरण पावला.

ज्या शहराने तिला वाड्यात सुखाने नांदू दिले नाही, त्याच शहराने आपल्या सर्वांत लाडक्या पेयाला तिचे नाव द्यावे, याचे मला फार मोल वाटते. म्हणूनच काही दुकानांत भिंतीवर केवळ चित्रपटातील नटीची छबी लावलेली दिसते तेव्हा वाईट वाटते. त्या जागी छत्रसाल, पाबळ आणि समशेरबहादूर यांचा उल्लेख असलेल्या चार ओळी लावायला फारसा खर्च येणार नाही, आणि रांगेत ताटकळणाऱ्या मुलांना वाचायलाही काही मिळेल. पुण्याच्या मिठाईवाल्यांनी आणि शीतपेयगृहांनी एकत्र येऊन हे करावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

जायचे असेल तर दुपारी चारच्या सुमारास जावे. रात्रीच्या जेवणानंतर बसायला जागा मिळत नाही आणि आसपासच्या गल्ल्यांत गाडी लावणे हे वेगळेच संकट असते. पार्सल शक्यतो टाळावे, कारण घरी पोहोचेपर्यंत गोळा दुधात मिसळून गेलेला असतो आणि मग उरते ते निव्वळ गोड दूध. आंबा नको असेल तर पिस्ता निःशंक मागवावा.