महिला युरोलीगची ‘फायनल सिक्स’ मोबाइलवर आणि भिंतीवर: एका प्रशिक्षिकेचा अनुभव

पुण्यातील एका लहान क्लबात मी चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. एप्रिल २०२५ मध्ये स्पेनमधील सारागोसा शहरात महिला युरोलीगची ‘फायनल सिक्स’, म्हणजे युरोपातील महिला क्लबांच्या अजिंक्यपद स्पर्धेचा शेवटचा टप्पा, खेळवला गेला. तो पाहता यावा म्हणून मी एका खेळ-प्रक्षेपण ॲपची महिनाभराची वर्गणी भरली होती. प्रक्षेपणाचे हक्क हंगामागणिक एकाकडून दुसऱ्याकडे जात असतात. त्यामुळे ॲपचे नाव घेण्यापेक्षा, अशी वर्गणी भरताना काय मिळाले, काय मिळाले नाही आणि कोणत्या सोयी आधी तपासून घ्याव्यात, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

वर्गणीची रक्कम सामन्याच्या दर्जाच्या एका चेंडूच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी होती. क्लबाच्या खर्चात चेंडू, जाळी आणि मैदानावरील दिवे यांची तजवीज करताना माझी दमछाक होते, त्यामुळे मी प्रत्येक खर्च चेंडूंच्या हिशेबात मोजते. या हिशेबाने पाहिल्यास अर्ध्या चेंडूच्या पैशांत माझ्या मुलींना जे पाहायला मिळाले, ते मी वर्षभर फळ्यावर खडूने रेघा मारून दाखवू शकले नसते.

ही स्पर्धा १९५८ पासून चालत आली आहे आणि तिच्या पहिल्या काही दशकांवर लॅटव्हियातील रीगा शहरातल्या एकाच क्लबाचे राज्य होते. त्या क्लबाची अठरा विजेतेपदे आजही कोणाच्या आवाक्यात आलेली नाहीत. गेल्या काही वर्षांत मात्र चित्र झपाट्याने पालटले. रशियन क्लब २०२२ मध्ये स्पर्धेबाहेर गेले, तुर्कस्तानच्या क्लबांनी जोर धरला आणि इस्तंबूलच्या फेनरबाचेने चार अंतिम सामने हरल्यानंतर २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. पूर्वी शेवटच्या टप्प्यात चार संघ येत असत. सारागोसात प्रथमच सहा संघ आले आणि ९ ते १३ एप्रिल असे पाच दिवस एकाच शहरात स्पर्धेचा निकाल लागला. आधीच्या फेरीतील दोन्ही गटांचे अव्वल संघ थेट उपांत्य फेरीत, आणि उरलेल्या चौघांनी आधी आपापसांत खेळून तिथवर पोहोचायचे, अशी ही रचना आहे. एका सामन्यात सगळे संपते, दुसरी संधी नाही. शालेय आणि जिल्हा स्पर्धांतून बाद फेरीचा धसका घेतलेल्या आमच्या मुलींना हे गणित कोणी समजावून सांगावे लागले नाही. मला स्वतःला ही रचना चारांच्या रचनेपेक्षा अधिक आवडली, कारण गटात पहिले येण्याला तिच्यात खरी किंमत आहे.

प्रक्षेपणाच्या दर्जाबद्दल तक्रारीला जागा नव्हती. चित्र स्वच्छ होते, गुणफलक आणि शॉट मारण्यासाठी मिळणाऱ्या चोवीस सेकंदांचे घड्याळ पडद्यावर सतत दिसत होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुख्य कॅमेरा इतक्या उंचीवर होता की अर्धे मैदान आणि दहाही खेळाडू एकाच वेळी नजरेत येत. ही बाब साधी वाटेल, पण शिकवणाऱ्याला याहून मोठी देणगी नाही. ज्या प्रक्षेपणात कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, त्यात चेंडू नसलेल्या चार मुली काय करत आहेत हे कधीच कळत नाही. आणि बास्केटबॉल शिकायचा असेल तर त्या चार मुलींकडेच पाहावे लागते.

शनिवारी संध्याकाळी सरावानंतर आम्ही क्लबाच्या कार्यालयाच्या पांढऱ्या भिंतीवर, मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर, अंतिम सामन्याचे रेकॉर्डिंग पाहिले. प्रागच्या यूएसके संघाने तुर्कस्तानच्या मर्सिन संघाला ६६–५३ असे हरवले, तो हा सामना. खाली सतरंजीवर बसलेल्या मुलींचा पहिला सूर नाराजीचा होता. फक्त सहासष्ट गुण? आदल्या वर्षी फेनरबाचेने फ्रान्सच्या व्हिलनव्ह दास्क संघाविरुद्ध १०६–७३ असा अंतिम सामना जिंकला होता, त्याची काही क्षणचित्रे त्यांनी पूर्वी पाहिली होती आणि त्यांना तसाच धडाका हवा होता. त्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून १७९ गुण झाले होते, या सामन्यात ११९. चाळीस मिनिटे तीच, रिंग तीच, तीन गुणांची रेषाही तीच ६.७५ मीटरवरची, मग साठ गुण गेले कुठे, एवढाच प्रश्न मी त्यांना विचारला आणि सामना पुन्हा सुरुवातीपासून लावला.

या वेळी ॲपची एक सोय कामाला आली, जिच्यासाठी मी पुढच्या वर्षीही पैसे मोजायला तयार आहे. रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने पाहता येत होते आणि एका बोटाने दहा सेकंद मागे जाता येत होते. प्रागच्या संघात तेव्हा ब्रिओना जोन्स आणि एझी मॅगबेगोर यांच्यासारख्या उंच, ताकदवान खेळाडू होत्या, आणि रिंगखाली त्यांचे वजन जाणवते हे तर पहिल्या पाहण्यातच कळते. निम्म्या वेगात मात्र वेगळेच काही दिसू लागते. मर्सिनच्या खेळाडूने शॉट मारला की प्रागच्या मुली क्षणभर वर पाहत नाहीत. त्या आधी आपली प्रतिस्पर्धी कुठे आहे हे हाताने चाचपतात, तिला पाठीवर घेतात, गुडघे वाकवून जागा धरतात, आणि मग मान वर करतात. आमच्या संघातील सर्वांत लहान मुलगी एकदम म्हणाली, “मॅडम, ती तर चेंडूकडे बघतच नाहीये!” ‘बॉक्स आउट’ हा शब्द मी तिला दोन वर्षे ऐकवत आले आहे. तिने तो त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिला. पुढच्या सोमवारी सरावात शॉट सुटताच तिने मागे हात नेऊन आपली जोडीदारीण शोधली, तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

मदतीचा डिफेन्स, म्हणजे चेंडूजवळच्या जोडीदारणीला आधार द्यायला आत सरकणे, हाही असाच विषय. चेंडू डाव्या बाजूला असताना उजव्या बाजूची खेळाडू रिंगच्या रेषेपर्यंत आत सरकलेली असते, आणि चेंडू उलट बाजूला फेकला गेला की ती तो हवेत असतानाच परत निघते, हातात पडल्यावर नाही. ही दोन पावले मोजायला मी मुलींना भिंतीजवळ बोलावले आणि बोट ठेवून दाखवायला सांगितले. प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांच्याच सावल्या मैदानावर पडत होत्या, पण पावले बरोबर मोजली गेली. साठ गुण कुठे गेले याचे उत्तर त्या पावलांमध्ये होते, आणि ते मुलींनीच मला सांगितले.

प्रागच्या या विजेतेपदामागे एक प्रदीर्घ सातत्य आहे, तेही मी त्यांच्या कानावर घातले. या क्लबाचे आधीचे एकमेव विजेतेपद २०१५ मधील, तेही स्वतःच्या शहरात, रशियाच्या एकातेरिनबुर्गला ७२–६८ असे हरवून मिळवलेले. दोन्ही वेळा प्रशिक्षिका एकच होत्या, नतालिया हेइकोवा. दहा वर्षांत खेळाडू बदलल्या, स्पर्धेची रचना बदलली, पण बाकावर तीच स्त्री उभी होती. महिला संघाच्या बाकावर स्त्री प्रशिक्षक दिसणे हे आपल्याकडे अजूनही सर्रास घडत नाही, म्हणून मी तो क्षण थांबवून दाखवला. दुसरीकडे मर्सिन. २०२३ चा अंतिम सामना त्यांनी फेनरबाचेकडून ९९–६० असा गमावला, २०२४ मध्ये शेवटचा टप्पा त्यांच्याच शहरात असूनही अंतिम फेरी गाठता आली नाही, आणि २०२५ मध्ये पुन्हा उपविजेतेपद. हरलेल्या संघाचे चेहरे मुलींनी फार शांतपणे पाहिले. आमच्या संघाने त्याच वर्षी एक उपांत्य सामना अगदी थोडक्यात गमावला होता.

आता उणिवा सांगते, आणि त्या लहान नाहीत.

पहिली आणि मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट अशी की रेकॉर्डिंगमधून टाइमआउट, म्हणजे प्रशिक्षक मागून घेतात ते मिनिटभराचे थांबे, कापून टाकलेले होते. खेळ थांबला की चित्र तुटायचे आणि पुढच्या चेंडूपासून सुरू व्हायचे. सामान्य प्रेक्षकाचा वेळ वाचावा हा हेतू असेल, पण शिकणाऱ्यांसाठी ते साठ सेकंद म्हणजे सामन्याचे हृदय असते: कोण बोलते, कोण ऐकते, फळा कोणाच्या हातात आहे, बाकावरच्या खेळाडू पाण्याची बाटली घेऊन उठतात की बसून राहतात. थेट प्रक्षेपणात हे सारे होते, रेकॉर्डिंगमध्ये नव्हते. सारागोसाच्या एप्रिलमधील घड्याळापेक्षा आपले घड्याळ साडेतीन तास पुढे असते, म्हणजे तिथली संध्याकाळ ही आपली रात्र. शाळकरी मुलींना थेट सामने दाखवणे शक्य नसल्याने आमची सगळी भिस्त रेकॉर्डिंगवरच होती.

दुसरी गोष्ट, ॲप उघडताच पहिल्या पानावर निकाल दिसत असे. उपांत्य सामन्याचे रेकॉर्डिंग पाहायला मी ॲप उघडले आणि कोणता संघ जिंकला हे मोठ्या अक्षरांत समोर आले. निकाल लपवण्याची सोय सेटिंगमध्ये शोधली, ती नव्हती. अंतिम सामन्याच्या वेळी मी मुलींना भिंतीकडे पाठ करून बसवले आणि सामना सुरू झाल्यावरच वळू दिले. अर्थात दोघींनी घरी फोनवर निकाल आधीच पाहिला होता आणि तो पोटात ठेवला होता, हे मागाहून कळले.

समालोचन इंग्रजीत होते. ते जाणकार आणि संयमी होते, खेळाडूंच्या दिसण्याविषयी किंवा घरसंसाराविषयी एक शब्दही न बोलता त्यांच्या खेळाविषयी बोलणारे होते, याचे मला मनापासून कौतुक वाटले. मात्र माझ्या निम्म्या मुली मराठी माध्यमात शिकतात आणि त्या वेगाचे इंग्रजी त्यांच्या पदरात पडत नव्हते. अक्षरपट्टीची (सबटायटलची) सोय नव्हती. शेवटी मी आवाज बंद केला आणि स्वतःच बोलू लागले.

ग्राहकसेवेचा अनुभव यथातथाच म्हणावा लागेल. टाइमआउटबद्दल मी सविस्तर लिहून विचारले, त्याला चार दिवसांनी ठरावीक मजकुराचे उत्तर आले आणि त्यात टाइमआउट हा शब्दही नव्हता. महिना संपल्यावर वर्गणी आपोआप पुढे चालू राहणार होती, आणि ती बंद करण्याचे बटण शोधायला मला दोन वेळा मदतीचे पान वाचावे लागले. पैसे भरतानाच मी मोबाइलवर आठवण लावून ठेवली होती, म्हणून दुसऱ्या महिन्याचे पैसे वाचले. आपणही तसेच करावे.

ज्या क्लबांना किंवा शाळांना ही वर्गणी घ्यायची असेल, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: भारतातून पूर्ण सामन्याचे रेकॉर्डिंग दिसते की केवळ क्षणचित्रे, वेग कमी करता येतो का, आणि मोबाइलवरून प्रोजेक्टरवर चित्र नेता येते का. काही ॲप हे तिसरे अडवतात, आणि मग पंधरा मुलींनी एका मोबाइलभोवती डोकी गोळा करण्याची वेळ येते. क्षणचित्रांवर मात्र समाधान मानू नये. त्यांत फक्त पडलेल्या बास्केट असतात, आणि ६६–५३ हा सामना न पडलेल्या बास्केटचा आहे.

स्वतःच्या आनंदासाठी पाहणाऱ्याला मी २०२४ चा अंतिम सामना आधी पाहण्याचा सल्ला देईन, तो अधिक वेगवान आणि डोळ्यांचे पारणे फेडणारा आहे. मुलींना शिकवणाऱ्याने २०२५ चा घ्यावा आणि एका बैठकीत एकच क्वार्टर दाखवावा. पूर्ण सामना सलग दाखवण्याची चूक मी पहिल्या दिवशी केली आणि तिसऱ्या क्वार्टरपर्यंत निम्म्या मुली पेंगल्या होत्या. नंतर दहा-दहा मिनिटांच्या चार बैठका केल्या तेव्हा प्रत्येक बैठकीत प्रश्न संपेनात.

वर्गणी सध्या बंद आहे. पुढील फायनल सिक्सच्या आठवड्यात ती मी पुन्हा एका महिन्यासाठी घेणार आहे. उपांत्य सामन्यांचे टाइमआउट या वेळी रात्री जागून थेट पाहायचे आणि कोण काय बोलले, कोण कुठे उभे होते हे वहीत उतरवून घ्यायचे असे ठरवले आहे. मोठ्या गटातील दोन मुलींनी आपल्या आयांची परवानगी आतापासूनच काढून ठेवली आहे.